सुसाट मागे वळतो

पेणजवळच्या आमच्या जोह्यात दर दुसऱ्या घरात गणपतीचा कारखाना आहे. फेब्रुवारीत, ऐन कामाच्या दिवसांत, कोणी वेगळाच पुतळा मागायला आला तर आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावतो. रोह्याच्या कंपनीचा साहेब आला तेव्हा मीही तेच करणार होते. पण त्याला हवा होता सुसाटचा पुतळा, आणि त्याला घेऊन आला होता माझाच मुलगा, जनू. मग काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेब म्हणाला, "ताई, सुरक्षा सप्ताहात आमच्या गेटवर बसवायचाय. कान्हूंच्या स्मरणार्थ. खाली फक्त एक ओळ, 'तो मागे वळला'."

जनूची छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू! लहानपणी शाळेत बक्षीस घेताना फुगायची तशी. मी मान डोलावली आणि आत जाऊन कपबश्या आदळत धुतल्या.

कान्हू माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायची. तो त्याच कंपनीत कामाला होता आणि तिथेच गेला. सुसाट म्हणजे माझ्या बाबांनी काढलेला चित्रकथांमधला नायक, जगातला सगळ्यात वेगवान माणूस. हे दोघे एकच कसे झाले ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईला ऊन लागलंय.

गणपती विसर्जन झालं की आमचं गाव रिकामं होतं. हाताला काम नसतं आणि तोंडाला फार असतं. माझे बाबा, नाथा, त्यांना ते सोसत नसे. रोह्याला नझीरभाईंचा छापखाना होता. लग्नपत्रिकेवर छापायला लागणारे गणपती बाबाच त्यांना काढून देत. एकदा भातकापणीच्या सुमाराला दोघे गप्पा मारत बसले आणि नझीरभाई म्हणाले, "नाथा, मुंबईला पोरं परदेशी चित्रांची पुस्तकं वाचतात. त्यात एकेक माणूस उडतो काय, भिंतीवर चढतो काय. आपल्याकडचा एक काढ की." बाबांनी त्यांना विचारलं, "आपल्याकडं उडून कुठं जायचं? आपल्याकडं पळावं लागतं."

ते खरंच होतं. आमच्या खारेपाटात भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात. उधाणाला बांध फुटला की आम्ही म्हणतो, खांड गेली. मग कोणीतरी पळत जाऊन गावं जागी करायची. ते काम माझ्या काकांचं, काळुरामकाकांचं. ते मिठागरात कामाला होते आणि बांधावरून असे पळत की गाळात त्यांचं पाऊल उमटायच्या आधी दुसरं पडलेलं असे. निदान बाबा तरी असं सांगत.

म्हणून पहिला सुसाट झाला मिठागरातला मजूर. अंगाला खारं पाणी लागलेलं असताना त्याच्यावर वीज पडते आणि तो वाऱ्याच्या पुढे पळू लागतो. जिथून जातो तिथे मिठाची पांढरी रेघ राहते. "आलोच!" एवढंच बोलतो. नझीरभाईंनी त्याला लांबलचक शुद्ध संवाद लिहिले होते. बाबांनी ते सगळे खोडले, म्हणाले की पळणाऱ्या माणसाला एवढा दम कुठून येणार. परदेशी नायकांसारखी पाठीवर चादर असावी असाही नझीरभाईंचा आग्रह होता. बाबा म्हणाले, चादर घेऊन पळाला तर कुडाच्या काट्याला अडकून तिथंच लटकेल. त्या दोघांची भांडणं ऐकायला गाव जमायचं.

पुस्तक बनायचं तेही कारखान्याच्या पद्धतीने. गणपती एकाच्या हातून होत नाही. एक साचा ओततो, एक घासतो, एक अंग रंगवतो, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. बाबा आधी शाडूचं डोकं करून ठेवत, म्हणजे प्रत्येक चित्रात चेहरा तोच यावा. त्यासाठी काळुरामकाकांना उताणं झोपवून त्यांच्या तोंडावर प्लास्टर ओतलं होतं. देवाचा साचा करतात, जित्या माणसाचा कोण करतो? आजीने तेव्हाच कपाळावर हात मारला होता. पण बाबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. चेहरा म्हणजे साचा, एवढंच त्यांना ठाऊक.

दर दिवाळीला एक सुसाट निघे. पेणच्या आणि रोह्याच्या एसटी स्टँडवर पोरं फटाक्यांच्या आधी तो मागत. काळुरामकाका बाजारात गेले की मागे शेंबडी पोरं "आलोच! आलोच!" ओरडत. काकांना ते फार आवडायचं. वरवर शिव्या द्यायचे.

पुढे काकांचे गुडघे गेले. मिठाने पायाला पडलेल्या भेगा कधी भरल्याच नाहीत. बाबा म्हणाले, जो माणूस ओटा उतरताना भिंत धरतो त्याचा सुसाट मी कुठल्या तोंडानं काढू? म्हणून ऐंशी सालच्या सुमाराला पुस्तकातल्या एका मोठ्या उधाणात त्यांनी पहिला सुसाट मारला. खांड बुजवताना तो इतक्या वेगाने गोल फिरतो की त्याचं मीठ होऊन जातं. पेणच्या बाजारात बाया रडल्या. आणि काळुरामकाका पुस्तक हातात घेऊन आमच्या दारात. "नाथा, मला न विचारता मारलास? निदान तेराव्याचं जेवण तरी घाल!" त्यानंतर कितीतरी वर्षं ते जिवंतपणी 'मेलेला सुसाट' म्हणून ओट्यावर बसून विड्या ओढत होते. म्हातारपणी आरामात गेले. हे मुद्दाम सांगते, कारण सुसाट झालेला माणूस टिकत नाही असं लोक म्हणतात. मीही म्हणायची. ते खरं नव्हे.

दुसरा सुसाट म्हणजे पहिल्याचा पुतण्या. काळ बदलला होता. आमच्याकडे रेल्वे आली, शेजारच्या जिते गावाला स्टेशन झालं, रोह्याला कंपन्या झाल्या. शेतं विकलेली आणि न विकलेली सगळीच पोरं शिफ्टला जाऊ लागली. दुसरा सुसाट कंपनीच्या निळ्या कपड्यात पळतो. त्याचा चेहरा दादाचा, काकांसारखाच प्लास्टर ओतून घेतलेला. दादा होताच तसा. जित्याला गाडी सुटली की फलाट संपेपर्यंत तो तिच्याबरोबर पळायचा आणि शेवटच्या डब्यातल्या माणसाला टाटा करून परत यायचा. आई चपलेने मारायची. त्याला वेगाची मस्ती होती. पण मनाने भित्रा! काळोखात मागच्या दारी जायला मला, धाकट्या बहिणीला, सोबत न्यायचा. पुस्तकातला सुसाट कशालाच घाबरत नसे. मी बाबांना म्हटलं होतं, हे डोळे दादाचे नव्हेत. तर म्हणाले, तू शिकतेस अजून.

तेव्हा मी खरंच शिकत होते. आता चाळीस वर्षं मी डोळेच काढते. गावात माझ्याशी कोणी हुज्जत घालत नाही, कारण गणपतीचं सगळं होऊनही माझा हात लागेपर्यंत ती माती असते.

दादा गेला तो अठ्ठ्याऐंशी साली, दुपारच्या शिफ्टला. त्याच्या खात्यात आग लागली, पाठोपाठ वायू सुटला. बाकीचे वाचले, दादा तेवढा आत राहिला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे लोक हार घेऊन आले आणि सांगितलं, कान्हू बाहेर आला होता, पण मागचे अडकले म्हणून परत आत गेला. त्या वर्षी गणपतीनंतर बाबांनी दार लावून घेतलं आणि दिवाळीला पुस्तक आलं, 'सुसाट मागे वळतो'. मुखपृष्ठावर दादाची पाठ, समोर धूर. शेवटच्या पानावर नुसता धूर आणि त्यातून आलेलं "आलोच!"

कंपनीने ते पुस्तक कामगारांच्या घरोघर वाटलं. लोकांनी शेवटचं पान फ्रेम करून लावलं. मी मात्र बाबांशी वर्षभर नीट बोलले नाही. पोटच्या पोराचं मरण कोणी दिवाळीला विकतं का? बाबांनी त्यानंतर सुसाट काढला नाही, ब्रश फक्त देवासाठी धरला. पण सुसाट आता त्यांचा राहिलाच नव्हता. वह्यांवर आला, पतंगांवर आला, गणपतीच्या आराशीत आला. रोह्याच्या कंपनीत आगीत शिरून माणसं काढायची एक तुकडी झाली, तिचं नाव सुसाट पथक.

माझा जनू त्या पथकात आहे. त्याने मामाला पाहिलंही नाही. पण ते शेवटचं पान त्याच्या पलंगाच्या वर भिंतीला होतं, पाळण्यावर चिमण्या असतात तसं. माझी मेलीची चूक नाही, सासूबाईंनी लावलं होतं. कंपनीत सराव होतो तेव्हा सगळे बाहेर पळतात आणि हा आत पळतो. तो कौतुकाने सांगतो आणि मी दुसराच विषय काढते. कारण मला माहीत होतं, खरी वेळ आली तर जनू आत जाईल. मामा गेला होता म्हणून जाईल. आणि मामासारखाच तिथे राहील.

पुतळा जनूनेच उभा केला, सुट्टीच्या दिवशी बसून. बाबांच्या फळीवर दादाच्या चेहऱ्याचा साचा होता तो काढला. फायबरचं अंग, एक पाय हवेत, निळे कपडे. हौसेने केलं पोराने. आमचे हे मदतीला होतेच, पण ते साचे ओततात आणि बोलत नाहीत. घरातलं बोलणं सगळं माझ्याच वाट्याला आलेलं. डोळे तेवढे राहिले होते. मी रोज ब्रश घेऊन बसायची आणि उठायची. प्लास्टर ओतताना डोळे मिटलेले असतात, म्हणून साच्यातून येणारा चेहरा झोपलेला वाटतो. तो मला दादाच वाटायचा. त्याला बाबांचे ते न घाबरणारे डोळे काढायला माझा हात धजेना.

अशात एका सकाळी इलियासभाई आले. नझीरभाईंचा मुलगा, दादाचा दोस्त, दोघे एकाच खात्यात होते. दादा गेल्यावर दोन-तीन महिन्यांतच ते कुवेतला गेले आणि आत्ता कायमचे परत आले. दाढी पांढरी झालेली, चालण्यात जडपणा. पुतळ्यासमोर येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "बसा हो इलियासभाय. दादाला आता कसलीच घाई नाय."

ते बसले नाहीत. खालच्या पाटीवरची ओळ वाचली आणि विचारलं, "हे कुनी लिवायला सांगितलं?"

"कंपनीनं. का?"

"आनि जनू त्या पथकात हाय म्हनतात, ते खरं?"

"व्हय. मामाचं बघून."

तेव्हा ते मटकन बसले. स्टुलावर रंगाची वाटी होती, तीही बघितली नाही. म्हणाले, "सगुणा, कान्हू मागं वळला नाय गो."

मला वाटलं म्हातारा चळला. पण ते एकेक गोष्ट नीट सांगत गेले. खात्याला दोन दारं होती. एक मोठं पुढचं आणि एक लहान मागचं. कामगार मध्येच मागच्या दाराने चहाच्या टपरीवर सटकतात म्हणून मुकादमाने त्याला कुलूप घालायला सुरुवात केली होती. त्या दिवशी धूर झाला, घंटा वाजलीच नाही. मागचं दार जवळ, म्हणून सगळे तिकडे पळाले. दादा सगळ्यांच्या पुढे. त्याला कोण गाठणार?

"त्यो आधी पोचला," इलियासभाई म्हणाले. "आमी मागं व्हतो. धुरात कायबी दिसत नव्हतं. नुसतं दार बडवल्याचं ऐकू आलं. मंग त्यो वरडला, 'बंद हाय! हिकडं येव नका, मोठ्या दाराला जा!' आमी फिरलो. त्याला फिरायला जागा नव्हती, मधी आग आली. त्यो दाराशीच गावला. त्याच्या हाताची बोटं..."

"बास," मी म्हटलं.

तो आधी पोचला. एवढंच माझ्या डोक्यात घणासारखं बसत राहिलं. माझा दादा हळू असता, इलियासभाईंसारखा जरा जाड असता, तर आज कुठेतरी ओट्यावर बसून विड्या ओढत असता.

"बाबांना माहीत होतं?"

"मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. अब्बा आनि नाथाकाका दोघं बसले व्हते छापखान्यात. अब्बांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. छापखान्याला कंपनीचंच काम व्हतं सगलं. आनि नाथाकाका म्हनले, इलियास, माझा पोर कुलुपाशी मेला असं नको सांगू कुनाला. त्यो लोकांसाठी मेला असं ऱ्हाऊ दे. मला तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

मला बाबांचा इतका राग आला की भिंतीवरचा त्यांचा हार घातलेला फोटो उतरवून खाडीत टाकावा. आणि त्याच वेळी ते दार लावून, एकटे, मुलाची पाठ रंगवत बसलेले डोळ्यांसमोर आले आणि मी हमसून रडले. आमचे हे आतून आले, काय झालं न विचारता पाण्याचा तांब्या ठेवून गेले. बाबांनी कंपनीला सोडवलं. त्यांना ते कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. मागे वळणारा सुसाट मिळाला आणि कुलूप कोणी लावलं हे विचारायचं राहूनच गेलं. आमच्या धंद्यात मूर्तीला तडा गेला की तो लांबीच्या लगद्याने भरतात आणि वरून रंग देतात. बाबांनी तेच केलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

पण आता प्रश्न जनूचा होता. त्याला सांगितलं तर त्याचा मामा जातो. न सांगितलं तर माझा मुलगा जातो. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. ज्याने पोराच्या डोळ्यांत मामाचं नाव चमकताना पाहिलंय त्याने म्हणून दाखवावं.

इलियासभाईंना मी जाऊ दिलं नाही. जेवायला घातलं आणि बसवून ठेवलं. जनू फर्स्ट शिफ्ट करून दुपारनंतर आला तेव्हा मीच सांगितलं, आडपडदा न ठेवता. इलियासभाई मान खाली घालून होते.

जनूने ऐकून घेतलं. मग त्यांच्याकडे वळला. "मामू, तवा का नाय बोललात?"

"भ्यालो रं. व्हिसा आलेला. अब्बा नको म्हनले."

"मग आता का बोलताय? मेलेल्या माणसाला पळपुटा ठरवायला?"

"जनू!" मी ओरडले. "आग लागल्यावर माणसानं पळायचं नाय तर काय आरती करायची?"

"मग मी काय करतो गो आये? एवढी वर्षं मी काय करतोय?" त्याचा आवाज फाटला. "सगळे बाहेर पळतात तवा मी कोणाच्या भरवशावर आत जातो?"

तो तसाच बाहेर गेला. जेवला नाही. सकाळी उठले तेव्हा पलंगावरची फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती आणि तो कामावर गेला होता. पेणला जाऊन कंपनीची बस धरतो, ती धरली असणार. मी दिवसभर गणपतींच्या डोळ्यांना हात लावला नाही. मन दुसरीकडे असलं की देव बिघडतात.

शिफ्ट सुटायच्या कितीतरी आधी तो दारात उभा. आई आहे, आधी मी त्याचे हातपाय पाहिले. धड होते. त्याने खिशातून काहीतरी काढून रंगाच्या फळीवर ठेवलं. गंजलेलं कुलूप होतं, कडी तुटलेली, आणि त्यावर दाराचाच हिरवा रंग चढलेला.

"दादाच्या वेळचं?" मी विचारलं.

"नाय गो. ते खातं पाडून नवं बांधलं. त्याला पण मागचं दार हाय. त्याला पण हे." तो खाली बसला. "आये, माझ्या पाठीमागं हाय ते दार. रोज. रंगवणाऱ्यानं कुलपासकट रंगवलंय, इतकी वर्षं कोणी उघडलं नाय. आम्हाला आत कसं शिरायचं ते शिकवतात. बाहेर कसं यायचं ते कोणी विचारलं नाय. मी पण नाय विचारलं. मामा मागं वळला व्हता ना, मग दार कशाला बघू?"

त्याने चावी मागितली होती. साहेब म्हणाला, चोऱ्या होतात, कुलूप राहू दे. चावी कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग जनूने पहार आणली आणि सगळ्यांसमोर ते फोडलं. कंपनीने त्याचा गेटपास काढून घेतला आणि त्याला घरी पाठवलं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. नोकरी गेली तर गेली, पोरगा घरी आला. मी त्याला भात वाढला, वर माशाचं कालवण, आणि तो जेवत असताना त्याच्याकडे नुसती बघत बसले. दादाला असं कोणी कुलूप फोडून घरी पाठवलं असतं तर मी त्या माणसाचे पाय धुतले असते.

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. गोड आवाजात म्हणाला, "ताई, जनूचं आपण बघू, एक माफीपत्र देऊ दे. पुतळ्याचे डोळे झाले का? परवा पाहुणे येतायत."

मी म्हटलं, "डोळे राहू द्या साहेब. चावी कुठाय ते सांगा."

त्याला ऐकू आलं नाही बहुतेक. की आलं, देव जाणे. फोन बंद झाला.

उन्हं कलली तसा दुसरा फोन आला, जनूच्या पथकातल्या महिपतीचा. जनूने नुसतं "बरं" म्हटलं आणि उभा राहिला. खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली घेतली.

"काय झालं?"

"नवं कुलूप घातलं. दुपारची शिफ्ट आत हाय."

"मग? महिपती हाय ना तिथं?"

"महिपतीला दोन पोरी हायत. त्यो नाय बोलायचा. मी गेटवर उभा ऱ्हातो आनि येईल त्याला सांगतो. मागचं दार बंद हाय, एवढंच. आत नाय जात, तुझी शप्पत."

मी दारात आडवी उभी राहिले. माझं तोंड उघडलं होतं, "नाय जायचं" एवढे दोन शब्द जिभेवर होते, आणि त्यावर माझा पुरा हक्क होता. भाऊ दिला, बाप त्या खोट्यापायी खंगून गेला, आता घरी आलेलं पोर पुन्हा त्याच गेटवर धाडू? त्याच्याकडे बघितलं. तो घाबरलेला होता. किल्ली घेऊनही माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, काळोखात मागच्या दारी जाताना दादा थांबायचा तसाच. तरी तो निघाला होता. पुतळा जनूच्या मागे उभा होता, डोळ्यांविना. त्याच्याकडे बघायलाही मला वेळ नव्हता.

मी फळीवरचा ब्रश पाण्यात टाकला आणि पदर कमरेला खोचला. इलियासभाईंना फोन करून सांगितलं, रोह्याला गेटवर या, तुम्हाला बोलायचंय, आज तोंडावर हात ठेवणारं कोणी नाय. फोनवरूनच त्यांच्या घरात चप्पल शोधल्याचा आवाज मला ऐकू आला.

आमचे हे अंगणात येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "तू कुठं?" आठवड्यातलं पहिलंच वाक्य असेल.

मी जनूच्या मागे बसले. त्याने गाडी सुरू केली आणि पोराच्या सवयीने एकदम मूठ पिळली. मी त्याच्या खांद्यावर हात दाबला. मला फार भीती वाटत होती.

"हळू चालव," म्हटलं. "आपल्याला पोचायचंय."